बावीस अक्षरांतला विक्रेता

आधी ‘पॅडल डॉट नेट’, मग एक स्टार, स्टारला चिकटून पाच-सात तुटक अक्षरं, पुढे ‘लंडन’, त्यापुढे ‘जीबी’ आणि उजवीकडे रक्कम: १,१८० रुपये. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये अशी ओळ दिसली की घरात पहिला प्रश्न येतो, लंडनहून आपण कधी काय मागवलं? आणि लगेच कुणीतरी म्हणतं, कार्ड ब्लॉक करून टाक. माझं म्हणणं एवढंच आहे की कार्ड ब्लॉक करण्याआधी ती ओळ एकदा नीट वाचावी. सॉफ्टवेअरच्या वर्गणीची ओळ अनोळखी दिसते, पण तिची मांडणी ठरलेली असते. ती मांडणी कळली की दहातल्या बहुतेक ओळी घरबसल्या उलगडतात.

मला या ओळींचा नाद लागून बरीच वर्षं झाली. नातेवाईक, सोसायटीतले शेजारी, मित्रांची मुलं स्टेटमेंटचे फोटो पाठवतात आणि मी भिंग घेऊन बसतो. त्यातलं मला सर्वांत आवडणारं म्हणजे तो स्टार. त्याच्याविषयी आधी सांगतो.

कार्ड कुठेही वापरलं की विक्रेत्याच्या बँकेकडून आपल्या बँकेकडे एक संदेश जातो. आयएसओ ८५८३ हे त्या संदेशाचं आंतरराष्ट्रीय मानक. ते पहिल्यांदा १९८७ साली प्रसिद्ध झालं. त्यातला ४३ क्रमांकाचा रकाना विक्रेत्याचा: एकूण जागा ४० अक्षरांची, आणि तेवढ्यातच नाव, गाव, देश सगळं बसवायचं. नावाच्या वाट्याला व्यवहारात २२ रोमन अक्षरं येतात. मोकळी जागा, टिंब, स्टार हेही त्या २२ मध्येच मोजले जातात. आपल्या स्टेटमेंटवर नावं अर्धवट तुटलेली दिसतात ती यामुळे.

आता एकाच कंपनीची दहा उत्पादनं असतील, किंवा एकच कंपनी हजारो विक्रेत्यांसाठी पैसे गोळा करत असेल, तर २२ अक्षरांत दोन नावं लागतात: पैसे घेणाऱ्याचं आणि वस्तूचं. त्यांच्यामधली भिंत म्हणजे स्टार. ही भिंत कुठेही उभारायची नाही, असा कार्ड-व्यवहारांतला रूढ नियम आहे. स्टारच्या आधी ३, ७ किंवा १२ अक्षरं हवीत. आधी ३ असतील तर नंतर १८ उरतात, ७ असतील तर १४, १२ असतील तर ९. तिन्ही बेरजा स्टार धरून २२.

हे कळलं तेव्हा मला एका जुन्या कोड्याचं उत्तर मिळालं. गूगलच्या ओळीत नाव आणि स्टार यांच्यामध्ये एक मोकळी जागा का असते? रोमन लिपीत गूगलची अक्षरं सहा, सात भरायला एक जागा रिकामी सोडलेली. पेपॅलचंही तसंच, सहा आणि एक रिकामी. मायक्रोसॉफ्टचं लघुरूप ‘एमएसएफटी’ चार अक्षरांचं, म्हणून पुढे तीन जागा रिकाम्या आणि मग स्टार. फास्टस्प्रिंग या कंपनीचं ‘एफएस’ दोन अक्षरांचं, तिथे तीन भरायला एक. ज्याला आपण छपाईतली चूक समजतो, ती मोजून सोडलेली जागा असते. सगळेच हा नियम पाळत नाहीत. ‘पॅडल डॉट नेट’ दहा अक्षरांचं आहे आणि त्याला स्टार तिथेच लागतो. पण बहुतेक ओळींना हे माप लावून बघा, बसतं. स्टारच्या डावीकडे पैसे घेणारा, उजवीकडे तुम्ही घेतलेली वस्तू. घाबरलेला माणूस फक्त डावी बाजू वाचतो. खरी ओळख उजवीकडे, तुटक्या अक्षरांत असते.

गावाच्या रकान्याचीही अशीच गंमत आहे. ऑनलाइन विक्रेत्याला दुकानाचं गाव नसतं, म्हणून तिथे अनेकदा ग्राहकसेवेचा फोन नंबर किंवा संकेतस्थळाचा पत्ता घालतात. गूगलच्या ओळीत ‘जी डॉट को स्लॅश हेल्पपे’ येतं, तो पत्ताच आहे. ‘ॲपल डॉट कॉम स्लॅश बिल’ हेही तसंच. पूर्वी त्याच जागी ‘आयट्यून्स डॉट कॉम स्लॅश बिल’ येत असे.

मिरजेला मावसबहिणीकडे गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. दाजी निवृत्त मुख्याध्यापक, हिशेबाला पक्के. चहा पुढ्यात यायच्या आत त्यांनी स्टेटमेंट आणून ठेवलं. म्हणाले, “हे बघ बाबा. सीबीआयनं पैसे घेतलेत माझ्या कार्डावरनं. कुणाला सांगायची पण चोरी झालीय.” ‘डिजिटल अरेस्ट’च्या बातम्या रोज वाचणाऱ्या माणसाला ही तीन अक्षरं बघून झोप लागत नव्हती. ओळ खरोखरच ‘सीबीआय’ आणि स्टारने सुरू होत होती, शेवटी जर्मनीचं ‘डीई’. पण स्टारच्या उजवीकडे त्यांच्याच लॅपटॉपमधल्या अँटीव्हायरसचं नाव अर्धवट तुटून उभं होतं. क्लेव्हरब्रिज नावाची जर्मनीतल्या कोलोन शहरातली कंपनी आहे. ती दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं विकते आणि तिच्या ओळी याच तीन अक्षरांनी सुरू होतात. मुलानं वर्षापूर्वी अँटीव्हायरस घालून दिला होता, त्याचं नूतनीकरण झालं होतं. दाजींनी उजवी बाजू माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मगच चहा घेतला.

अशा मध्यस्थ कंपन्या का असतात, हे समजून घेण्यासारखं आहे. एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत चार माणसं असतात आणि गिऱ्हाईक शंभर देशांत. प्रत्येक देशाचा कर वेगळा, भरण्याची पद्धत वेगळी. आपल्याकडेच परदेशातून थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन सेवांवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर लागला आणि जुलै २०१७ पासून त्याची जागा जीएसटीने घेतली. चार माणसांच्या कंपनीला हे झेपत नाही. म्हणून ती आपला माल कायद्याच्या दृष्टीने मध्यस्थाला विकते आणि मध्यस्थ आपल्याला विकतो. बिल त्याचं, कर त्याने भरायचा, स्टेटमेंटवर नाव त्याचं. लंडनची पॅडल, कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराची फास्टस्प्रिंग, कोलोनची क्लेव्हरब्रिज ही यातली ठळक नावं. पॅडलच्या त्याच ‘डॉट नेट’ पत्त्यावर आपला ईमेल किंवा कार्डाची माहिती देऊन खरेदी कोणती होती ते शोधता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते. प्रत्येक मध्यस्थावर तिची सक्ती हवी, असं माझं मत आहे.

रक्कम हाही मोठा पुरावा असतो. सुरुवातीच्या ओळीतले १,१८० घ्या. त्याला १.१८ ने भागलं की बरोबर १,००० येतात. म्हणजे हजाराची वर्गणी आणि १८ टक्के जीएसटी. डॉलरच्या ओळीत २३.६० दिसले तर मूळ किंमत २० डॉलर. मूळ आकडा सापडला की तो ईमेलमध्ये शोधायला सोपा जातो. त्यानंतर येतो बँकेचा आकार. परकी चलनातल्या व्यवहारावर पुष्कळ कार्डांना ३.५ टक्के शुल्क लागतं आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. व्यवहार रुपयांत १,६८० चा झाला असेल तर शुल्क ५८.८० आणि त्यावरचा कर १०.५८. काही बँका हे दोन आकडे वेगळ्या ओळींत दाखवतात, कधी दोन-तीन दिवसांनी. अनोळखी म्हणून माझ्याकडे आलेल्या किती तरी बारक्या ओळी या निघाल्या. आणखी एक: विक्रेता परदेशी असला की रुपयांत घेतलेल्या पैशांवरही काही बँका शुल्क लावतात.

ॲपलच्या रकमेचं मात्र या भागाकाराने जमेलच असं नाही. एकाच गिऱ्हाइकाच्या दोन-तीन खरेद्या ती कंपनी कधी एकत्र करून एकच रक्कम घेते, त्यामुळे ती कोणत्याच एका वर्गणीशी जुळत नाही. शिवाय कुटुंबाचं सामायिक खातं असेल तर मुलांनी घेतलेल्या वस्तूही घरच्या मुख्य खातेदाराच्या कार्डावर येतात. अशा वेळी बँकेशी वाद घालण्याआधी खात्यातला खरेदीचा इतिहास उघडावा आणि मुलांना प्रेमाने विचारावं. मोबाइलवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही, हे तर घराघरांत सांगायला हवं.

पुण्यात सदाशिव पेठेत एक ताई पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करतात. त्यांच्याकडे गेलो की त्यांची वही आवर्जून बघतो. फाँट, छायाचित्रं, मांडणीचं सॉफ्टवेअर, फायली साठवायची जागा, सगळ्याच्या वर्गण्या. वहीत डाव्या बाजूला स्टेटमेंटची ओळ जशीच्या तशी, मधल्या जागांसकट, उतरवलेली. उजवीकडे वस्तूचं नाव, कोणत्या ईमेलवर घेतली ते, आणि नूतनीकरणाची तारीख लाल पेनाने. मी पाहिलेली ही सर्वांत उत्तम व्यवस्था आहे. वर्षाचा करार आणि महिन्याचा हप्ता असलेल्या वर्गण्यांपुढे त्या एक गोल काढतात, कारण तशी वर्गणी मध्येच सोडली तर दंड लागू शकतो.

नियमांचं थोडक्यात: रिझर्व्ह बँकेची कार्डावरच्या आवर्ती वसुलीची चौकट ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे लागू झाली. नोंदणीला ओटीपी, प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना, आणि जून २०२२ पासून १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा ओटीपी नाही. नोंदणी रद्द करायची सोय बँकेने द्यायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ज्या १३ फसव्या क्लृप्त्या नमूद केल्या, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना २४ तासांच्या सूचनेचं हे सार्वत्रिक कवच नाही. तिथल्या व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्गणी सहज रद्द करता यावी असा नियम काढला होता, पण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला.

त्या २४ तास आधीच्या एसएमएसकडे आपण जाहिरात समजून दुर्लक्ष करतो. अनोळखी ओळ दिसली की मागच्या आठ दिवसांचे बँकेचे एसएमएस आधी बघावेत. मग सगळ्या ईमेल खात्यांत मूळ रक्कम शोधावी, जुन्या आणि विसरलेल्या खात्यांतही. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: कंपनीचं नाव घालून ‘कस्टमर केअर नंबर’ सर्चमध्ये शोधू नये. खोटे नंबर पेरून बसलेले भामटे याच घाबरलेल्या माणसाची वाट बघत असतात. नंबर ओळीतलाही असला तरी तो कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून घ्यावा.

एवढं करूनही धागा लागला नाही तर वेळ दवडू नये. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत खबर दिली तर तुमच्यावर काहीही बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत दिली तर मर्यादित बोजा येतो. कार्ड ब्लॉक करायची वेळ ती. फसवणूकच वाटत असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. वर्गणी आपलीच निघाली आणि नको असेल, तर ती विक्रेत्याकडे रद्द करावी आणि बँकेतली नोंदणीही काढावी, दोन्ही.

विक्रेता म्हणाला पैसे परत केले आणि खात्यात दिसत नाहीत, असं झालं तर त्याच्याकडून एआरएन मागा. हा २३ अंकी क्रमांक असतो. पहिला अंक सोडला की पुढचे सहा विक्रेत्याच्या बँकेची ओळख सांगतात आणि त्यापुढचे चार तारीख: एक अंक वर्षाचा, तीन अंक वर्षातल्या कितव्या दिवसाचे. बाराव्या अंकाच्या आधी ५३१५ असेल तर २०२५ चा ३१५ वा दिवस, म्हणजे ११ नोव्हेंबर. हा क्रमांक शाखेत लेखी द्या. त्यावरून बँकेला परतावा नेमका शोधता येतो, आणि विक्रेत्याने तो खरंच कधी पाठवला हे तुम्हालाही तिथेच वाचता येतं.