स्कीमा वाढवण्याआधी नावं नीट पाहा

जुनी यादी नव्या डिरेक्टरी सर्व्हरवर न्यायची म्हटलं, की हमखास सल्ला मिळतो: आधी स्कीमा, म्हणजे नोंदीतल्या रकान्यांचा आराखडा, वाढवा. बीदर जिल्ह्यात तर तो पटकन पटतोही. निर्णा, हुमनाबादकडच्या जुन्या घरांत निजामाच्या काळातले कागद उर्दूत, १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यानंतरची पहाणी, म्हणजे जमिनीची नोंद, कन्नडमध्ये, आणि घरात मराठी. मग नावासाठी तीन नवे रकाने नकोत का?

नकोत. डिरेक्टरी सर्व्हरशी बोलायच्या एलडॅप या पद्धतीत रकान्याच्या नावापुढे भाषेची खूण लावता येते. २००४ च्या आरएफसी ३८६६ या तांत्रिक दस्तऐवजात ती सोय नोंदलेली आहे. ‘सीएन’, म्हणजे नावाच्या रकान्यापुढे अर्धविराम देऊन ‘लँग-एमआर’, ‘लँग-केएन’ किंवा ‘लँग-यूआर’ लिहिलं की तिन्ही नावं एकाच नोंदीत राहतात, आणि नुसत्या ‘सीएन’वर शोधलं तरी सापडतात. ओपनएलडॅप या सर्व्हरमध्ये हे चालतं. आपल्या सर्व्हरवर चालतं का, ते आधी तपासावं.

डिरेक्टरीतल्या नोंदींची एलडिफ फाइल उघडल्यावर मराठी नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांग दिसते आणि डेटा बिघडला म्हणून पळापळ होते. काही बिघडलेलं नसतं. रकान्यापुढे दोन अपूर्णविराम असतील तर पुढचा मजकूर बेस-६४ मध्ये आहे, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण आडनावाची. माणसांच्या नोंदींसाठीच्या ‘इनेटऑर्गपर्सन’ या प्रकारात ‘सीएन’ आणि ‘एसएन’, म्हणजे आडनाव, दोन्ही सक्तीचे. आपल्याकडे कुणी गावाचं नाव लावतं, कुणी वडिलांचं, कुणाच्या कागदावर एकच नाव. अशी नोंद सर्व्हर परत पाठवतो. मग कुणी स्कीमा-तपासणीच बंद करतं, कुणी मूळ स्कीमा फाइलमध्ये आडनाव ऐच्छिक करून टाकतं. दोन्ही घातक. तपासणी पुन्हा सुरू केली, की त्या माणसाचा फोन नंबर बदलायला गेलं तरी सर्व्हर अडवतो, कारण तो बदलानंतरची अख्खी नोंद तपासतो. बदललेली मूळ फाइल दुसऱ्या सर्व्हरशी जुळत नाही. एकच नाव असेल तर तेच दोन्ही रकान्यांत भरावं. टिंब किंवा ‘लागू नाही’ भरू नये. माणसाच्या नावाच्या जागी त्याचं नावच हवं.

जुना खाते क्रमांक जपायचा असेल, तर मात्र स्कीमा जरूर वाढवावा. नोंदीचा मूळ, म्हणजे स्ट्रक्चरल प्रकार नंतर बदलता येत नाही, म्हणून नवा रकाना ऑक्झिलरी, म्हणजे पूरक प्रकारात घालून तो जुन्या नोंदींना जोडावा. त्याचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, मनाने ठरवू नये. इंटरनेटचे क्रमांक वाटणारी आयाना १.३.६.१.४.१ च्या खाली मागणाऱ्या संस्थेला स्वतःचा क्रमांक फुकट देते. नवा स्कीमा आधी सगळ्या सर्व्हरांवर पोचवावा, डेटा त्यानंतर.

नको असलेला रकाना मागाहून काढून टाकू, यावरही विसंबू नये. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत एकदा घातलेला रकाना निष्क्रिय करता येतो, पुसता येत नाही. त्यामुळे चाचणी वेगळ्या फॉरेस्टमध्ये, म्हणजे स्वतंत्र डिरेक्टरीतच घ्यावी, आणि तीही आपल्याच यादीतल्या एकेरी नावांवर.