जॉब पाहावा की हात?

लेखी परीक्षेच्या गुणदोषांवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. कॉपी, पाठांतर, अपेक्षित प्रश्नसंच, एकाच उत्तराला दोन परीक्षकांनी दिलेले निरनिराळे गुण हे विषय महाविद्यालयाच्या कट्ट्यापासून विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत चघळले जातात. मात्र ज्या परीक्षेत उत्तर कागदावर नव्हे तर लोखंडावर लिहायचे असते, तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आपल्या बोलीतल्या आयटीआयमधून, बाहेर पडणाऱ्या मुलाचे प्रमाणपत्र मुख्यतः याच परीक्षेवर उभे असते. ते पाहून उद्यमबागेतला कारखानदार त्याला यंत्रापाशी उभा करतो. तेव्हा ते प्रमाणपत्र खरे बोलते की नाही हा प्रश्न त्या मुलाच्या पोटाचा आहे, आणि कधीकधी त्याच्या बोटांचाही.

आपल्या देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ साली राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि देशभर एकच अभ्यासक्रम, एकच परीक्षा, एकच प्रमाणपत्र अशी घडी बसत गेली. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातल्या उमेदवारीलाही परीक्षेची जोड दिली. आज या परीक्षेचा सैद्धांतिक भाग संगणकावर, चार पर्यायांतून एक निवडून, सोडवला जातो. त्यात उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के गुण पुरतात. प्रात्यक्षिकाला आणि वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाला मात्र ६० टक्के लागतात. म्हणजे हाताचे मोल डोक्याहून अधिक धरले आहे, आणि ते योग्यच आहे. पण हाताचे गुण मोजायचे कसे? खरी गोम तेथेच आहे.

फिटरचे उदाहरण घेऊ. परीक्षार्थीला एक रेखाचित्र आणि पोलादाचे दोन तुकडे मिळतात. एका तुकड्याला मधोमध चौकोनी जीभ ठेवायची, दुसऱ्यात तेवढीच खाच करायची, आणि पहिला दुसऱ्यात सरकून बसला पाहिजे. डुगडुगता कामा नये, ठोकावाही लागता कामा नये. उलटा करून घातला तरी तसाच बसला पाहिजे. शिकण्याच्या आरंभी अर्ध्या मिलिमीटरची चूक चालते. पुढे हीच मोकळीक ०.०४ मि.मी.वर येते. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे याहून जाड असतो! आणि हे साधायचे कशाने, तर मुख्यतः कानशीने.

वेळ संपते, जॉब टेबलावर येतो. परीक्षक मापे घेतो, गुण्या लावून उजेडाकडे धरतो, फट दिसते का पाहतो आणि गुण मांडतो. वरवर पाहता याइतकी निःपक्षपाती परीक्षा दुसरी नाही. लोखंड कोणाचा नातलग नसते. तथापि हा जॉब पुष्कळ गोष्टी लपवतो. तो या मुलाने स्वतः केला की शेजारच्या हुशार मित्राने त्यावर दहा मिनिटे हात फिरवला, हे जॉब सांगत नाही. याला एक जुना उपाय आहे: काम सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक तुकड्यावर बैठक क्रमांक ठोकून घ्यायचा. त्याने जॉबची अदलाबदल थांबते. मित्राचा हात थांबत नाही. हेच रेखाचित्र मुलाने महिनाभर घोटले होते की आज प्रथमच पाहिले, हेही जॉबला ठाऊक नसते. ज्या केंद्रावर दरवर्षी त्याच चार आकृत्या फिरून येतात तेथे फिटर तयार होत नाहीत. त्या चार आकृत्या करणारे तयार होतात. पाठांतर फक्त तोंडाचेच असते असे नाही, हाताचेही असते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जॉब कसा झाला हे जॉब पाहून कळत नाही. कानस चालवण्याचेच पाहा. पुढे ढकलण्याच्या आरंभी जोर डाव्या, म्हणजे पुढच्या हातावर हवा, मध्यावर दोन्ही हातांवर सारखा, शेवटी उजव्या हातावर. मागे घेताना जोर काढून घ्यायचा. ज्याला हा तोल साधत नाही त्याचा पृष्ठभाग दोन्ही कडांना झुकतो आणि मध्ये फुगतो. मग तो फुगवटा घासत बसतो, माप खाली जाते, कानशीचे दात बोथट होतात, आणि कदाचित नशिबाने शेवटच्या पाच मिनिटांत जॉब बसतोही! टेबलावर त्याचा आणि सरावलेल्या मुलाचा जॉब सारखाच दिसेल. कारखान्यात मात्र पहिल्याच आठवड्यात फरक कळेल, कारण तेथे एक नव्हे, पन्नास करायचे असतात.

म्हणून जॉबबरोबर हातही पाहावा लागतो. शेगड्याची उंची आपल्या कोपराशी जुळते का हे मूल पाहते का, मूठ नसलेली कानस उचलते का (तिचे टोकदार शेपूट तळव्यात घुसते), करवतीचे पाते दात पुढच्या दिशेला करून लावते का, आटे पाडताना टॅप थोडा पुढे फिरवून उलटा घेते का, म्हणजे कीस तुटेल आणि टॅप भोकातच मोडून बसणार नाही. ड्रिल यंत्रावर हातमोजे घालून कोणी उभा राहिला, तर परीक्षकाने गुण कापण्याची वाट पाहू नये. त्याला तत्काळ थांबवावे. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात त्याच्यामागे जातो. अशा चुका इतर गुणांनी भरून काढता येऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्वद टक्के काम उत्तम आणि दहा टक्के प्राणघातक, याची सरासरी काढण्यात अर्थ नाही.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की एका तुकडीत वीस मुले, परीक्षक एक, तो कोणाकोणाचा हात पाहणार? शंका रास्त आहे. त्यावर तोडगा असा की सारा वेळ सगळ्यांना पाहण्याऐवजी कामात दोन-तीन थांबे ठरवावेत. आखणी झाली की थांबायचे, परीक्षकाने पाहून सही करायची. भोक पाडण्यापूर्वी पुन्हा थांबायचे. शेवटी दोन तुकडे एकमेकांत बसवण्याचे काम परीक्षकासमोरच करायचे. यात वेळ थोडा जातो, पण मित्राच्या दहा मिनिटांना वाव राहत नाही. शिवाय आखणी चुकली होती की घासणी, हेही कळते, आणि नापास झालेल्या मुलाला नेमके काय सुधारायचे ते सांगता येते.

वैद्यकीय शिक्षणात हीच अडचण होती. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली एक पद्धत मांडली. विद्यार्थी एका टेबलाकडून दुसऱ्याकडे फिरतो, प्रत्येक टेबलावर ठराविक मिनिटांत एकच छोटे काम करून दाखवतो, आणि तेथला परीक्षक सर्वांना त्याच कसोटीने पाहतो. कार्यशाळेला ही पद्धत सहज मानवेल असे वाटते. एका टेबलावर मायक्रोमीटरने माप घ्या, दुसऱ्यावर बोथट ड्रिल ओळखा, तिसऱ्यावर बिघडलेला जॉब पाहून दोष कोठे झाला ते सांगा. आपल्याच देशातले शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी हाताच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: पाहून नक्कल करणे, सांगितल्याप्रमाणे करणे, अचूक करणे, अनेक क्रिया एकमेकींशी जुळवून करणे, आणि शेवटी ते अंगवळणी पडणे. घोटून आलेला मुलगा पहिल्या दोन पायऱ्यांवर असतो. नवे रेखाचित्र हातात दिले की तो कोठे उभा आहे ते लगेच समजते.

आता डोक्याचा भाग. कारागिराचे ज्ञान व्याख्येत नसते, निर्णयात असते. ‘टॅप म्हणजे काय?’ या प्रश्नाने काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारावे, ‘१० मि.मी. व्यासाचे आणि १.५ मि.मी. अंतराचे आटे पाडायचे आहेत, भोक केवढे पाडशील?’ साडेआठ, असे उत्तर येईल. मग विचारावे, ‘आठचे पाडले तर? नऊचे पाडले तर?’ पहिल्यात टॅप अडकून मोडेल, दुसऱ्यात आटे उथळ राहून बोल्ट धरणार नाही, हे ज्याला सांगता येते त्याला साडेआठचा अर्थ कळला आहे. नुसता आकडा तक्ता पाठ करूनही येतो.

सीमाभागात येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. तोंडी परीक्षेत भाषेची परीक्षा होऊ देऊ नये. घरी-कारखान्यात कानस म्हणणारा मुलगा ‘फाइल’ हा शब्द आठवेना म्हणून गप्प बसला, तर त्याला काम येत नाही असे सिद्ध होत नाही. याच अंकाच्या कन्नड विभागातले आमचे मित्र त्याच वस्तूला ‘अर’ म्हणतात आणि गुण्याला ‘मूलेमट्ट’. परीक्षक परगावचा असेल तर मुलाला वस्तू हातात घेऊन दाखवू द्यावी. इंग्रजी संज्ञा यायलाच हव्यात, कारण रेखाचित्रावर त्याच असतात. पण त्या रेखाचित्र वाचण्याच्या परीक्षेत तपासाव्यात, घासण्याच्या नव्हे.

परीक्षकाचीही परीक्षा असते, ती मापाच्या वेळी. ०.०४ मि.मी.ची मोकळीक तपासायला ०.०२ मि.मी. मोजणारा व्हर्निअर अपुरा आहे. हाताच्या दाबानेच तेवढा फरक पडतो. तेथे ०.०१चा मायक्रोमीटर तरी हवा. त्यातही लांबीची मापे जगभर २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मि.मी. पोलाद १५ अंशांनी तापले की सुमारे ०.०१७ मि.मी. वाढते. घासून तापलेला जॉब तसाच मोजला तर मोकळीक उष्णतेतच खर्च व्हायची! दोन्ही वस्तू काही वेळ एकाच टेबलावर ठेवून निवू द्याव्यात, एवढेच करायचे असते.

गुण देण्याबाबत सध्याच्या अभ्यासक्रमात एक चांगली सोय आहे. ६० ते ७५ टक्क्यांत बसणाऱ्याला अधूनमधून मार्गदर्शन लागलेले चालते, ७५ ते ९० टक्केवाल्याला थोडेच, आणि ९०च्या वर जायचे तर जवळजवळ लागू नये. म्हणजे जॉब सारखाच झाला तरी किती मदतीने झाला हे गुणांत दिसले पाहिजे. सुरक्षितता, मालाची नासाडी टाळणे, कामाचा वेग, कामाचा क्रम यांचाही अंतर्गत मूल्यमापनात विचार आहे, आणि पुरावा म्हणून रोजनिशी व केलेले जॉब जपून ठेवायचे असतात. कागदावर हे सारे उत्तम आहे. परंतु वर्षाअखेर एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेली रोजनिशी पाहिली की पुराव्याची किंमत कळते. शिक्षकालाही संस्थेचा निकाल सांभाळायचा असतो. यासाठी निदान काही जॉबना दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि मग ते ताडून पाहावेत. तफावत मोठी निघाली तर दोष बहुधा मुलाचा नसून कसोटीच्या मोघमपणाचा असतो.

शेवटी ज्यांनी कधीच परीक्षा दिली नाही त्यांचे काय? बेळगावच्या फौंड्र्यांत वीस-वीस वर्षे साचे भरणारी माणसे आहेत. त्यांच्याजवळ कागद नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद आली, आणि अशा माणसाची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न उभा राहिला. त्याला पर्यायी उत्तरांचा कागद देणे हे त्याच्या वीस वर्षांचा अपमान करण्यासारखे आहे. त्याला वाळूपाशी न्यावे. तो मूठभर वाळू दाबतो, बोटांचे ठसे उमटतात का पाहतो, गोळा मोडतो आणि मोडलेली कड कोरी राहिली की ओल बरोबर आहे म्हणतो. त्याला विचारावे, ‘बिडाच्या ओतकामाला साचा फुटाला किती मोठा धरायचा?’ तो म्हणेल, एक सूत. म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे एक टक्का. ‘आणि पोलादाला?’ दोन सूत. हे त्याने पुस्तकात वाचलेले नसते. थंड झाल्यावर लहान निघालेल्या ओतिवांनी त्याला ते शिकवलेले असते. मग एखादे छिद्रे पडलेले, टाकून दिलेले ओतीव त्याच्या हातात द्यावे आणि हे असे का झाले ते विचारून परीक्षकाने शांतपणे ऐकत बसावे. वाळू जास्त ओली होती, की वायू निघायला वाट ठेवली नव्हती, की धातू थंड पडला होता, हे तो छिद्रांचा आकार आणि जागा पाहून सांगू लागतो. गुणपत्रिकेतले बरेचसे रकाने तेवढ्या वेळात भरून होतात.