बेरीज बरोबर होती, तरीही लेक बाद झाली!

माझं माहेर बुऱ्हाणपूर आणि सासर बेळगाव. माहेरी तापीकाठची मराठी, त्यात हिंदीची फोडणी. सासरी मात्र सासूबाईंशी कन्नड, नवऱ्याशी निम्मं निम्मं. आपल्या सीमाभागातल्या बहुतेक घरांसारखंच आमचंही घर. लेकीला दोन्ही भाषा येतात. रागावली की ती कन्नडमध्ये बोलते आणि रडायचं असलं की मराठीत. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ती एका दिवसात दोन्ही भाषांत बोलली. कारण होतं एक पुठ्ठ्याचं घडीचं कार्ड.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं बेंगळुरूला आहोत. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये बेंगळुरूची अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली. तिचं पदक एका फटक्यानं हुकलं. तेव्हा आमची लेक टीव्हीसमोरून हलली नव्हती. पुढं तिनं हट्टच धरला आणि शिकायला लागली. आम्हा दोघांना या खेळातलं काही कळत नव्हतं. चेंडू लांब मारायचा आणि खड्ड्यात घालायचा, एवढंच ठाऊक. त्या खड्ड्याइतकंच महत्त्व एका कार्डाला असतं, हे कळायला मला ती स्पर्धा पाहावी लागली.

काय घडलं?

मुलींची स्पर्धा होती, १८ होलची. तिघींचा गट. या खेळात आपला स्कोअर आपण लिहीत नाही. सुरुवातीला कार्डांची अदलाबदल होते. माझ्या लेकीचं कार्ड दुसऱ्या मुलीकडे, त्या मुलीचं तिसरीकडे. जिच्या हातात आपलं कार्ड, ती आपली ‘मार्कर’. प्रत्येक होल संपला की किती फटके झाले ते तिनं विचारायचं, स्वतः पाहिलेलं ताडून बघायचं आणि लिहायचं.

सातव्या होलवर माझ्या लेकीचा चेंडू पाण्यात गेला. दंडाचा एक फटका धरून तिचे सहा झाले. तेवढ्यात मागच्या गटाची घाई सुरू झाली, म्हणून लिहायचं राहिलं. आठव्या होलला तिनं कमाल केली. तो पाच पारचा होल, म्हणजे चांगल्या खेळाडूला पाच फटके अपेक्षित. तिनं चारच घेतले. त्याला ‘बर्डी’ म्हणतात. मग मार्कर मुलीनं दोन्ही होलचे आकडे एकदम लिहिले आणि गडबडीत पाच, पाच असं लिहून टाकलं.

खरे होते सहा आणि चार. लिहिले पाच आणि पाच. दोन्हीकडे बेरीज दहाच. एकूण स्कोअर ८८, तोही बरोबर. लेकीनं शेवटी बेरीज मोजली, ती जुळली आणि तिनं सही केली. कार्ड देण्याआधी नवऱ्यानं हौसेनं मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता.

निकालाची वाट बघत आम्ही लिंबू सरबत पीत बसलो होतो. लेक म्हणाली, “आई, माझी बर्डी बघ ना कार्डावर.” फोटो उघडला. आठव्या होलसमोर पाच. ती गप्प झाली. मग तिनं सातवा होल पाहिला.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी हळूच म्हणाले, “अगं, बेरीज तीच आहे ना? मग कशाला बोलायचं? कुणाचं काही बिघडलं का?”

लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला मान खाली घालावी लागली. ती उठली आणि सरळ कमिटीच्या टेबलापाशी गेली. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं, मार्कर मुलीला बोलावून विचारलं, नियमांचं पुस्तक उघडलं. निकाल जाहीर झाला तेव्हा तिसऱ्या क्रमांकाला दुसरीचं नाव होतं. माझ्या लेकीच्या नावापुढं ‘बाद’.

गाडीत बसेपर्यंत ती रडली नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं ऐकून विचारलं, “लेक्क सरी इत्तल्ला, मत्याक हिंगातु?” हिशेब बरोबर होता ना, मग असं का झालं? त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

बुऱ्हाणपूरची चोपडी

मे महिन्यात आम्ही दोघी बेळगावला आलो आणि तिथून गोवा एक्स्प्रेसनं भुसावळमार्गे बुऱ्हाणपूरला गेलो. महिनाभर लेकीनं गोल्फच्या काठीला हात लावला नव्हता. माहेरी मावा जिलबी, शाही किल्ला, कुंडी भंडाऱ्यातलं गार पाणी असे सगळे लाड झाले. पण कुणी खेळाचं विचारलं की ती आत निघून जायची.

माझे वडील तिथल्या एका यंत्रमाग कारखान्यात तीस वर्षांहून अधिक काळ हिशेबनीस होते. बुऱ्हाणपुरात गल्लीबोळांत मागांची खटखट ऐकत मुलं मोठी होतात, तशीच मीही झाले. वडिलांनी गोल्फ कधी पाहिलेला नव्हता. पण कार्डाचा फोटो त्यांनी मागून घेतला, चष्मा लावला आणि एकेक रकाना बोटानं मोजला.

“हे कोण लिहितं?”

“मार्कर, आजोबा.”

“आणि सही?”

“आधी तिची, मग माझी.”

“म्हणजे तिनं लिहिलं आणि तू कबूल केलंस. बरोबर?”

लेकीनं मान हलवली. मग वडिलांनी एक गोष्ट सांगितली. मीही ती पहिल्यांदाच ऐकत होते.

कारखान्यात विणकराची मजुरी मीटरवर ठरायची. चोपडीत नाव, माग नंबर आणि मीटर लिहायचे, शेवटी विणकराची सही किंवा अंगठा. एकदा वडिलांकडून दोन विणकरांचे आकडे एकमेकांच्या ओळीत पडले. दिवसाचा एकूण कपडा जुळला, मालकानं पास केलं, दोघांनीही न बघता अंगठे दिले. पगाराच्या दिवशी एकाच्या हातात कमी पडले, दुसऱ्याच्या हातात जास्त.

“ज्याला कमी मिळाले तो बिचारा काही बोललाच नाही,” वडील म्हणाले. “ज्याला जास्त मिळाले तो दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन आला. म्हणाला, बाबूजी, इतका कपडा मी विणलाच नाही. तो आला म्हणून मला चूक कळली. बेरीज तर बरोबरच होती बेटा. बेरजेनं मला काहीच सांगितलं नसतं.”

त्या दिवसापासून वडील प्रत्येक विणकराला त्याची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा घ्यायचे. मालक कुरकुरायचा, वेळ जातो म्हणून. त्यांनी सवय सोडली नाही.

लेक बराच वेळ काही बोलली नाही. रात्री गच्चीवर झोपताना म्हणाली, “आई, तो पैसे परत आणणारा माणूस म्हणजे मी ना गं?” मी म्हणाले, “हो. आणि बेरीज जुळतेय म्हणून गप्प बसणारी मी.” तेव्हा कुठं ती महिन्याभरानं हसली.

कार्डावर काय भरायचं?

परत आल्यावर मी ठरवलं, लेकीच्या खेळाचे नियम आपणही समजून घ्यायचे. आपल्या भागातली मुलंही आता या खेळाकडे वळत आहेत, म्हणून जे समजलं ते थोडक्यात देते.

कार्ड कमिटी देते. त्यावर खेळाडूचं नाव आणि तारीख असते. ते कार्ड आपलंच आहे ना, हे पहिल्या फटक्याआधी बघावं. होलचा क्रमांक, अंतर, पार आणि कोणता होल किती अवघड ते सांगणारा ‘स्ट्रोक इंडेक्स’ छापलेलाच असतो.

खेळाडूच्या रकान्यात प्रत्येक होलचे प्रत्यक्ष झालेले फटके येतात, दंडाचे फटके धरून. ते मार्कर लिहितो. शेजारी मार्करचा एक अरुंद रकाना असतो. त्यात मार्कर स्वतःचे आकडे टिपून ठेवतो, म्हणजे शेवटी ताळा घेता येतो. खेळाडूनं आपल्या मनानं आकडा बदलायचा नाही. चूक दिसली तर मार्करला दाखवायची. त्यानं मान्य केलं किंवा कमिटीनं परवानगी दिली, तरच दुरुस्ती. शेवटी दोघांच्या सह्या. कार्ड देऊन खेळाडू ती जागा सोडून गेला की मग काही बदलता येत नाही.

आता गंमत बघा. बेरीज करणं ही खेळाडूची जबाबदारीच नाही! ती कमिटीची. हँडिकॅप, म्हणजे कमी-जास्त ताकदीच्या खेळाडूंना बरोबरीनं खेळता यावं म्हणून मिळणारी सूट. तीही पूर्वी कार्डावर खेळाडूला दाखवावी लागायची, चुकली तर तो बाद व्हायचा. जानेवारी २०२३ पासूनच्या नियमांत तेही काम कमिटीकडे गेलं. म्हणजे माझ्या लेकीनं जे मोजलं ते तिचं काम नव्हतं, आणि जे तपासायचं होतं ते राहून गेलं.

होलवार आकडा एवढा महत्त्वाचा का? कारण हँडिकॅपची सूट होलवार वाटली जाते. स्टेबलफर्ड पद्धतीत गुणही होलवार मिळतात. बरोबरी झाली तर पुष्कळ ठिकाणी शेवटच्या नऊ, मग सहा, मग तीन होलचे आकडे बघून विजेता ठरवतात. एक आकडा इकडचा तिकडं झाला की बेरीज तीच राहूनही निकाल बदलू शकतो. म्हणून नियम कडक आहे. एखाद्या होलला प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू बाद. जास्त लिहिला तर तो जास्तीचा आकडाच कायम.

मोठ्यांनाही चुकलं नाही

हे लहान मुलींनाच होतं असं नाही. १९५७ साली अमेरिकेच्या महिला ओपन स्पर्धेत हवाईची जॅकी पुंग सर्वांत कमी फटक्यांत खेळून जिंकली होती. चौथ्या होलला तिचे सहा झाले होते, कार्डावर पाच पडले. एकूण बेरीज बरोबर होती, अगदी आमच्यासारखीच. ती बाद झाली आणि विजेतेपद बेट्सी रॉल्सला मिळालं. तिथल्या क्लबच्या सभासदांनी हळहळून तिच्यासाठी वर्गणी जमवली. ती पहिल्या बक्षिसापेक्षा जास्त भरली.

१९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो डी व्हिसेंझोच्या बाबतीत उलट झालं. १७ व्या होलला त्यानं तीन फटके घेतले, मार्कर टॉमी एरननं चार लिहिले, त्यानं सही केली. जास्तीचा आकडा कायम राहिला आणि बॉब गोल्बीशी बरोबरी होण्याऐवजी तो एका फटक्यानं हरला. त्या दिवशी त्याचा ४५ वा वाढदिवस होता. त्यानं मार्करला दोष दिला नाही, चूक स्वतःकडे घेतली. पुढं १९७३ साली त्याच टॉमी एरनच्या कार्डावर त्याच्या मार्करनं एक फटका जास्त लिहिला. एरननं तो सहीपूर्वी हेरला, दुरुस्त करून घेतला आणि मास्टर्स जिंकली!

अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, जॉर्डन स्पीथसारखा नामवंत खेळाडूही एका होलला चारऐवजी तीन लिहिलेल्या कार्डावर सही करून बाद झाला.

ऐदु, आरु, नाल्कु...

जूनमध्ये लेक पुन्हा खेळायला लागली. नंतरच्या स्पर्धेत तिची मार्कर कन्नड मुलगी होती. खेळ संपल्यावर दोघी टेबलापाशी बसल्या. ती मुलगी एकेक आकडा मोठ्यानं वाचत होती, “ऐदु, आरु, नाल्कु...” आणि माझी लेक प्रत्येक होल आठवून मान डोलावत होती. मागं दोन मुली ताटकळल्या होत्या. तरी हिनं १८ होल पुरे करूनच सही केली. नंबर आला सातवा. पण गाडीत बसल्याबरोबर तिनं बुऱ्हाणपूरला फोन लावला, “आजोबा, सगळ्या ओळी वाचून घेतल्या!”

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मत्त! नोडी सही माडबेकव्वा.” बघूनच सही करावी. त्यांनी लगेच दुधाचं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. एरवी मी महिन्याची बेरीज बघून पैसे द्यायची. त्या दिवशी तारीखवार बघितलं. आम्ही बुऱ्हाणपूरला होतो त्या आठ दिवसांत रोज एक लिटर कमी घेतलं होतं, ते कार्डावर कमी झालेलंच नव्हतं. आणि त्याआधी पाहुणे आले तेव्हा जादा घेतलेलं आठ लिटर लिहिलेलंच नव्हतं.

बेरीज बरोबर होती! तरी दूधवाल्याला हाक मारली आणि दोन्ही ओळी दुरुस्त करून घेतल्या. तो हसला. म्हणाला, “अक्का, हिशेब तोच राहिला की.”

मी म्हटलं, “राहू दे. आमच्या घरी आता असंच असतं.”