जोंगाची ताकद इंजिनाच्या मागे

जबलपूर म्हणजे तोफा, लष्करी गाड्या घडवणाऱ्या कारखान्यांचं शहर. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची, तर व्हेईकल फॅक्टरी १९६९ची. निसानच्या ‘पॅट्रोल’ या जपानी गाडीवर बेतलेली ‘जोंगा’ इथेच तयार होई. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’च्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळालं. १९९९पर्यंत ती भारतीय लष्करासाठी बनत राहिली.

सहा सिलिंडरचं, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन ही जोंगाची सर्वांत मोठी ओळख. पण खडा चढ आणि चिखल यांत खरं काम करतो तो गिअरबॉक्सला जोडलेला ट्रान्सफर केस.

त्याचं पहिलं काम, वेग देऊन जोर घेणं. लो गिअर टाकला की इंजिन तेवढंच फिरतं, चाकं मात्र खूप हळू फिरतात. घर्षणात जाणारा थोडा भाग सोडला, तर वेग निम्मा होताच चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळजवळ दुप्पट होतो. म्हणूनच ही गाडी दगडांवरून पायी चालण्याच्या गतीनं, इंजिन बंद न पडता चढते.

दुसरं काम, पुढच्या चाकांनाही जोर देणं. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. त्यासाठी दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल एक्सलवर असतो. तो दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे एक चाक चिखलात गरगरू लागलं की कोरड्या जमिनीवरच्या जोडीदारालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो आणि गाडी रुतते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. मग मागची चाकं घसरली, तरी पुढची पकड गाडी ओढून काढते.

याच पक्क्या जोडणीमुळे डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर सोडवावं लागतं. वळताना पुढच्या चाकांचा मार्ग लांब असतो. चिखलात टायर थोडे घसरून हा फरक भरून निघतो, कोरड्या रस्त्यावर मात्र शाफ्ट आणि गिअर यांच्यात पीळ साठत जातो.

खाली अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग. हे पाटे भार पेलतात आणि एक्सलही जागेवर धरून ठेवतात, त्यामुळे सुटे भाग कमी आणि दुरुस्ती सोपी.

आज अनेक गाड्यांत चाकांना जोर वाटण्याची कामं सेन्सर आणि संगणक करतात, पण ती डोळ्यांना दिसत नाहीत. जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एखादी जोंगा कापून, तिचे गिअर उघडे करून ठेवायला हवी. आपल्याच शहरात घडलेल्या यंत्रावर हात ठेवून टॉर्क शिकण्याचा हक्क इथल्या विद्यार्थ्यांना आहे.