शंभर टँकर, पंधरा लिटर

मालेगावात मोसम पुलावर उभं राहून समुद्र आठवणारा माणूस विरळाच. पण पुलाखालचं पाणी तिकडेच निघालेलं असतं, तेही केवढी वाकडी वाट करून! समुद्र पश्चिमेला, मोसम मात्र गिरणेला मिळते, गिरणा पूर्वेकडे जाऊन जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी तेच पाणी माघारी पश्चिमेला नेऊन सुरतेपलीकडे अरबी समुद्रात सोडते.

त्या समुद्रात जहाजानं काय टाकावं, याचा जगभर एकच नियम आहे. १९६७ मध्ये ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज इंग्लंडजवळ खडकावर आदळलं आणि लाखाहून जास्त टन कच्चं तेल सांडलं. त्या धक्क्यातून १९७३ चा ‘मार्पोल’ करार झाला, १९७८ मध्ये त्याला जोड मिळाली. भारतानंही तो आपल्या कायद्यात आणला.

या करारात एक आकडा आहे : १५. जहाजाच्या यंत्रघराखाली गळतीचं, धुण्याचं, तेलकट पाणी साचतं. खलाशी त्याला ‘बिल्ज’ म्हणतात. ते समुद्रात सोडायचं तर दहा लाख भागांत तेलाचे फार तर पंधरा भाग चालतात. आता आपल्या ओळखीचं माप घेऊ. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर घ्या. असे शंभर टँकर पाणी, आणि त्यात तेल किती? पंधरा लिटर. एका टँकरमागे दीडशे मिलिलिटर, म्हणजे जेमतेम कपभर!

बरं, तेल जास्त भरलं तर पाणी ओतून पातळ करू, ही दूधवाल्याची युक्तीही चालत नाही. पंधराचं माप पाणी न मिसळताच भरावं लागतं. म्हणून जहाजावर तेल वेगळं काढणारं यंत्र असतं. तेल हलकं, ते वर तरंगतं. बारीक थेंब एकमेकांना चिकटवून मोठे केले की झटकन वर येतात. पुढे मापकयंत्र पहाऱ्याला. मोठ्या जहाजांवर आकडा पंधराच्या वर गेला की झडप आपोआप फिरते आणि पाणी जिथून आलं तिथेच परत जातं.

तरी अथांग दर्यात मध्यरात्री बघतंय कोण? त्यासाठी वही आहे. तेलाचा प्रत्येक व्यवहार ‘ऑइल रेकॉर्ड बुक’मध्ये लिहायचा, प्रत्येक पानावर कप्तानाची सही, आणि वही तीन वर्षं जपायची. यंत्राला बगल देणारी चोरनळी काही जण बसवतात. तिचं नाव ‘मॅजिक पाइप’. पण टाकीतलं तेल आणि वहीतला हिशेब जुळला नाही की बंदरातला तपासनीस ती शोधून काढतो. अमेरिकेत तर अशी चोरी उघड करणाऱ्या खलाशाला दंडाच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळू शकते.

आणखी एक गंमत : या करारात ‘जहाज’ म्हणजे केवळ तरंगणारं जहाज नव्हे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, मुंबई हायच्या समुद्रात पाय रोवून उभे असतात तसले तेलाचे फलाटही त्यात मोडतात. तिथल्या यंत्रघराच्या पाण्यालाही तोच पंधराचा आकडा.

अपघात मात्र वही बघून होत नाहीत. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ची टक्कर होऊन शेकडो टन तेल सांडलं. पुढच्याच ऑगस्टमध्ये साठ हजार टन कोळसा घेऊन निघालेलं ‘रॅक कॅरियर’ मुंबईजवळ बुडालं. त्यातून गळलेल्या तेलासाठी राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटींची भरपाई ठोठावली.

आणि प्लास्टिक? त्याला तर आकडाच नाही. एकही पिशवी, कुठल्याही समुद्रात, किनाऱ्यापासून कितीही दूर जाऊन मुद्दाम टाकायची नाही; जाळली तर तिची राखसुद्धा नाही. जहाजावरच्या कचऱ्यालाही वेगळी वही असते.

मोसम पुलावरून खाली पडलेली पिशवी मात्र गिरणा, तापी करत त्याच दर्याकडे निघते. तिची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.