पैनगंगेपलीकडचा पक्ष

वऱ्हाडचा कारभार 1853 मध्येच इंग्रजांकडे गेला होता. 1902 मध्ये हैदराबादच्या निजामाने वर्षाला 25 लाख रुपये घेऊन तो कायमच्या पट्ट्यानेच देऊन टाकला. कागदावरची मालकी मात्र त्याचीच राहिली. 1936 च्या करारानंतर तर निजामाच्या किताबात हैदराबादसोबत वऱ्हाडही आले आणि थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' झाला. त्यामुळे पैनगंगेपलीकडे, मोगलाईत म्हणजे निजामाच्या राज्यात, कोणाचा जोर वाढतो याकडे अकोला-अमरावतीला लक्ष ठेवावेच लागे.

हा जोर मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा होता. 1927 मध्ये मुसलमानांतल्या वेगवेगळ्या पंथांची एकी करण्यासाठी ती निघाली. 1938 मध्ये बहादूर यार जंग अध्यक्ष झाले आणि संस्थेचा राजकीय पक्ष झाला. त्यांचा सिद्धांत असा: राज्याचा खरा धनी मुस्लिम समाज, निजाम हा त्या सत्तेचे प्रतीक. संस्थानात 80 टक्क्यांहून अधिक प्रजा हिंदू होती. म्हणून लोकांना जबाबदार सरकार मागणे म्हणजे या धनीपणावर घाला, असे पक्ष मानू लागला. या सिद्धांताची दुसरी बाजू निजामाच्या उशिरा लक्षात आली. तो नुसता प्रतीक असेल, तर पक्ष त्यालाही अडवू शकतो.

यार जंग 1944 मध्ये वारले. 1946 मध्ये लातूरचे वकील कासिम रझवी पुढारी झाले आणि रझाकार ही पक्षाची सशस्त्र फौज वाढली. इंग्रज गेल्यावर हैदराबाद भारतात सामील झाले नाही. ऑक्टोबर 1947 मध्ये निजामाचे पंतप्रधान छत्तारीचे नवाब यांच्या शिष्टमंडळाने दिल्लीशी 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरवला. निजामाच्या मंत्रिमंडळाने तो बहुमताने मान्य केला. 27 तारखेला पहाटे मजलिसच्या हजारोंच्या जमावाने शिष्टमंडळातल्या लोकांची घरे वेढली. त्यांना दिल्लीला निघताच आले नाही. निजामाने माघार घेतली. छत्तारी गेले, मजलिसच्या पसंतीचे लायक अली पंतप्रधान झाले. 29 नोव्हेंबरला जवळपास तोच करार झाला, पण तोवर राज्य कोण चालवतो हे सर्वांना कळून चुकले होते.

पुढचे दहा महिने मराठवाड्यातल्या गावांनी रझाकारांची लूट आणि जाळपोळ सोसली. माणसे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आली; उमरखेडसारख्या ठिकाणी निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसची छावणी होती. मजलिस म्हणजे सगळे मुसलमान, असे मात्र कोणी समजू नये. भारतात सामील व्हावे असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेतच मारले गेले.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या. 17 तारखेला निजामाने शस्त्रे ठेवली. रझवींना शिक्षा झाली. 1957 मध्ये सुटल्यावर पक्ष अब्दुल वाहिद ओवेसींकडे सोपवून ते पाकिस्तानात गेले.