ट्रंकेच्या तळाशी राहिलेला आरसा

इतिहासाच्या पेपरला डोळा लागणं यात नवल काहीच नाही. पंधरा वर्षांच्या हॅरी पॉटरला मात्र त्या डुलकीत दिसलं, की लंडनच्या जादू मंत्रालयात, 'डिपार्टमेंट ऑफ मिस्टरीज'मध्ये, त्याचा शत्रू व्होल्डेमॉर्ट आपल्या सिरियसचे हाल करतोय. सिरियस म्हणजे त्याचा गॉडफादर, आईबापांच्या जागी उरलेला एकुलता एक माणूस. पोरगं पेपर सोडून धावत सुटलं. रात्रीपर्यंत पाच मित्र जखमी झाले होते आणि ज्याला वाचवायला निघाला, तोच मेला होता. दृश्य खोटं होतं; हॅरी निघाला तेव्हा सिरियस आपल्या घरी सुखरूप होता. तो मेला हॅरीला वाचवायला आला म्हणून.

२००३ साली आलेल्या 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स' या पाचव्या पुस्तकातला हा प्रसंग. तो वाचून 'काय हा आततायीपणा!' असं म्हणणं सोपं आहे. पण हा आततायीपणा एका दिवसात आलेला नाही. त्याच्या जादूच्या शाळेनं तो चार वर्षं खतपाणी घालून वाढवला होता.

पहिल्याच वर्षी उडायला शिकवणाऱ्या मॅडम हूच बजावून जातात, की झाडूला हात लावाल तर शाळेतून काढून टाकीन. वर्गमित्र नेव्हिलची वस्तू परत मिळवायला हॅरी तरीही उडतो. मॅकगोनॅगल बाई बघतात आणि शिक्षा करायची सोडून त्याला थेट क्विडिचच्या, म्हणजे झाडूवरून खेळायच्या खेळाच्या, संघात घेतात. वर्षअखेरीला बंदी असलेल्या दारातून खाली उतरल्याबद्दल साठ गुण. चौथ्या वर्षी तळ्याखालच्या स्पर्धेत तो सगळ्याच ओलिसांना वाचवायला थांबतो आणि वेळ उलटून वर येतो. ओलिसांना धोका कधीच नव्हता. तरी पन्नासपैकी पंचेचाळीस! आधी उडी मारावी, कौतुक मागून येतंच, हा धडा पोरानं पक्का गिरवला तर चूक कोणाची?

त्यातून पाचव्या वर्षी नाताळच्या सुमारास असंच एक दृश्य त्याला दिसलं होतं, आणि ते खरं निघालं होतं. त्यामुळेच त्याचा मित्र रॉन याच्या वडिलांचा जीव वाचला. मग या वेळी त्यानं थांबावं तरी का?

थांबायची कारणं त्याची मैत्रीण हर्मायनी सांगत होती. संध्याकाळचे पाच वाजताहेत, मंत्रालयात कर्मचारी असतील, तिथं व्होल्डेमॉर्ट आणि सिरियस कुणाला न दिसता शिरलेच कसे? तुला लोकांना वाचवायची खोड आहे, हेही तिनं बिचकत सांगून पाहिलं. हॅरी तिच्यावरच ओरडला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, गाडी चालवण्याच्या व्हिडिओ गेमवरच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं, की बरोबरीचे मित्र शेजारी असले की किशोरवयीन मुलं जास्त जोखीम घेतात. इथं उलटंच आहे. मैत्रीण ब्रेक दाबतेय आणि ब्रेक लागत नाहीये.

हॅरीनं खातरजमा केलीच नाही, असंही नाही. हर्मायनीच्याच आग्रहानं शाळेतल्या अंब्रिजबाईंच्या खोलीतल्या जादूच्या शेकोटीतून त्यानं सिरियसच्या घरी डोकावून विचारलं. पण विचारलं कुणाला, तर सिरियसचा दुस्वास करणाऱ्या नोकराला, क्रीचरला. तो धडधडीत खोटं बोलला. जे ऐकायची भीती होती तेच कानावर पडलं आणि हॅरीची चौकशी तिथंच संपली.

मोठ्यांना मी यातून मोकळं सोडणार नाही. व्होल्डेमॉर्ट हॅरीच्या मनात असं खोटं दृश्य घुसवून सापळा रचू शकतो, हे मुख्याध्यापक डंबलडोरना ठाऊक होतं. तरी वर्षभर ते हॅरीच्या नजरेला नजर देत नव्हते. मन बंद करायचं शिकवायला नेमलं तेही शिक्षक स्नेपला, ज्याच्याशी त्याचा उभा दावा. शेवटी डंबलडोर स्वतःच चूक कबूल करतात. पण मंत्रालयात हर्मायनी शापानं बेशुद्ध पडली, जिनीचा घोटा मोडला, नेव्हिलच्या नाकाबरोबर त्याच्या वडिलांची छडीही तुटली, त्यानंतर.

मला मात्र राहून राहून आठवते दुसऱ्या पुस्तकातली उडती मोटार. आगगाडी चुकली म्हणून हॅरी आणि रॉन ही मोटार आकाशातून शाळेत नेतात. दंड बसतो रॉनच्या वडिलांना, पन्नास गॅलियन. मॅकगोनॅगल बाई एवढंच विचारतात, की घुबडाकरवी पत्र का नाही पाठवलंत? घुबड तर तुझ्याजवळच होतं! हॅरी आ वासून बघत राहतो.

पाचव्या वर्षी त्या घुबडाच्या जागी एक आरसा होता. नाताळच्या सुटीनंतर निरोप घेताना सिरियसनं एक पुडकं हातात ठेवलं होतं, माझी गरज लागली तर वापर म्हणून. हॅरीनं ते उघडूनही पाहिलं नाही. माझ्यापायी सिरियसनं सुरक्षित जागा सोडून बाहेर पडू नये, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सगळं संपल्यावर ट्रंक आवरताना ते पुडकं हाती लागतं. आत जुना, चौकोनी आरसा. त्यात नाव घेतलं की सिरियसचा चेहरा दिसला असता आणि बोलताही आलं असतं. हॅरी नाव घेतो, पुन्हा घेतो. काचेत त्याचा स्वतःचाच चेहरा. मग तो आरसा ट्रंकेत आपटून फोडतो.